रिव्हर्स नसलेली गाडी आणि वाकडी भिंत

दादांची गाडी मागे जायची बंद झाली तेव्हा मला मनातून आनंद झाला होता. म्हटलं, चला, सुटलो एकदाचे. ऐंशीला टेकलेला माणूस, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचंय, आणि गाडी अशी की तिचे सुटे भाग बनवणारा कारखाना बंद होऊन जमाना झाला. आता तरी हे माझ्या गाडीत गुपचूप बसतील, असं मला वाटलं. माझी गाडी छोटी आणि नवी. गिअर आपोआप बदलतात, मागे घेताना पडद्यावर मागचं सगळं दिसतं आणि कुठे टेकायला आली की ती कोकलते. दादा म्हणजे माझे वडील. ते तिला 'तुझी ती बोलकी' म्हणतात. जी गाडी आपल्याआधी घाबरते तिच्यावर भरवसा कसा ठेवायचा, असं त्यांचं म्हणणं.

त्यांची स्वतःची गाडी त्या काळची, जेव्हा रस्त्यावर मुख्यतः दोनच प्रकारच्या गाड्या दिसायच्या, एक पुढाऱ्यांची आणि एक डॉक्टरांची. दादांनी डॉक्टरांची घेतली, तीही एका डॉक्टरांनी वापरून कंटाळल्यावर. बदामी रंग, पुढे सोफ्यासारखी सलग सीट, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली. कोळवणच्या खोऱ्यात प्राथमिक शाळेच्या गुरुजींनी गाडी घ्यावी, आणि गुरुजीही आमच्या बौद्धवाडीतले असावेत, हे तेव्हा गावाला पचायला जरा जड गेलं. 'गुरुजी गाडीवाले झाले' असं काहीजण कौतुकाने म्हणायचे आणि काहीजण नुसतंच म्हणायचे. दादा दोघांनाही सारखाच हॉर्न द्यायचे.

नोकरीत असतानाच त्यांनी गावठाणाच्या कडेला जागा घेऊन घर बांधलं. मी पुण्यातल्या बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन आता त्याच घरात राहते. आई गेल्यावर दादांकडे लक्ष द्यायला आले, असं मी सगळ्यांना सांगते. दादा सगळ्यांना सांगतात की मुलीला शहरात करमेना.

घर एका बोळाच्या टोकाला आहे. डांबरी रस्त्यावरून बोळ खाली उतरतो आणि आमच्या अंगणात येऊन संपतो. अंगण असं की गाडी उभी राहिली की कोंबड्यांनाही अंग चोरून जावं लागतं. माझी गाडी वर रस्त्याच्या कडेलाच असते, आणि दादांची वळवण्याचा प्रश्नच नाही. सरळ आत आणायची आणि उलटी चढ चढवत बाहेर काढायची, हा इतक्या वर्षांचा शिरस्ता.

अंगणापलीकडे निरगुडीचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे आबांचं खळं, म्हणजे पूर्वी त्यांच्या भाताची झोडणी व्हायची ती सारवलेली मोकळी जागा. खळ्याच्या एका अंगाला आबांचं घर आणि त्याचा ओटा. दुसऱ्या अंगाने खळं सरळ डांबरी रस्त्याला मिळतं. आबा गावातले जुने जमीनवाले. दादांच्याच वयाचे, दोघं एकाच वर्गात होते, फक्त आबांची शाळा चौथीत संपली आणि दादांची तिथून पुढे सुरू झाली. रोज सकाळी कुंपणाच्या पलीकडून 'रामराम गुरुजी' येतो आणि अलीकडून 'जयभीम आबा' जातो. इतक्या वर्षांत दोघांपैकी एकानेही आपला नमस्कार बदलला नाही, आणि चुकवलाही नाही.

पण दादा आबांच्या घरी चहा पीत नाहीत. काही कामाने गेले तर ओट्याच्या खाली उभं राहूनच बोलतात. आबा विचारतात, "गुरुजी, च्या?" दादा म्हणतात, "नको, मला चालत नाही." हा माणूस घरी सकाळी दोन कप, दुपारी झोपून उठल्यावर एक आणि बातम्यांबरोबर आणखी एक पितो. आमच्या चहातल्या आल्याचा वास काही कुंपणापाशी थांबत नाही. आबांना सगळं माहीत असणार. तरी ते दर वेळी विचारतात आणि दादा दर वेळी नको म्हणतात.

तर, रिव्हर्स. बॉनेटखाली, गिअरचा दांडा जिथे उतरतो तिथे, बोटभर लांबीचा एक लोखंडी तुकडा असतो. त्याच्या टोकाला वाटीसारखा खळगा, आणि त्या वाटीत दांड्याचा गोळा बसतो. आमची वाटी झिजून झिजून बशी झाली होती. पुढचे गिअर पडायचे, पण दांडा रिव्हर्सकडे ओढला की गोळा वाटीतून निसटायचा. पौडच्या मेकॅनिकने डोकं आत घालून पाहिलं आणि बाहेर काढून सांगितलं, "गुरुजी, ह्यो तुकडा आता देवाकडं पण नसंल."

"देवाकडे मी मागितलाही नसता," दादा म्हणाले आणि गाडी पुढच्या पुढे चालवत घरी घेऊन आले.

घरी आणली खरी, पण आता ती आमच्या अंगणात तोंड आत करून उभी. बोळ चढाचा. ढकलून उलटी वर नेणं माझ्या आणि दादांच्या बाबतीत हास्यास्पद होतं. चार माणसं बोलावली असती तर काम झालं असतं, पण दादा माणसं बोलावत नाहीत. कुणाकडे काही मागायचं नाही, आणि शेजारच्या त्या घराकडे तर अजिबात नाही, हा त्यांचा नियम. मी खुशीत होते. गाडी आता अंगणाची शोभा होणार, कोंबड्या तिच्यात अंडी घालणार, असं चित्र मी रंगवून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामराम-जयभीम झाल्यावर आबा कुंपणापाशीच थांबले. "गाडी अडाकली म्हनं?" दादा म्हणाले, "हो, बघतो काहीतरी." आबांनी विचारलं नाही, सांगितलं नाही. घरात जाऊन कोयता आणला आणि गाडीच्या रुंदीएवढी निरगुडी सपासप तोडून बाजूला टाकली. "काडा हिकडनं," म्हणाले. "खळं कुनाला लागतंय आता? भात मशिनीत जातंय."

दादांनी तोडलेल्या निरगुडीकडे पाहिलं. मागितलं नव्हतं, त्यामुळे नियम मोडत नव्हता. त्यांनी गाडी सुरू केली आणि खळ्यावरून गोल काढून रस्त्याला लावली. माझ्या कोंबड्यांचं घर गेलं.

त्यानंतर आमचं सगळं आयुष्य गोल झालं. बोळातून आत, खळ्यावरून बाहेर. दादा कुठेही जायचं तर आधी मनात नकाशा काढायचे. जिथे शिरायचं तिथून समोरून बाहेर पडता येतं का? लग्नाला जायचं तर मंडपवाल्यांच्याही आधी पोचायचं आणि गाडी तोंड रस्त्याकडे करून लावायची. वरमाय यायच्या आत आमची गाडी परतीच्या तयारीत. एकदा खोऱ्यातल्याच एका शहरी माणसाच्या फार्महाऊसच्या बोळात अडकलो, तेव्हा शेरवानीतल्या पाहुण्यांनी गाडी मागे ढकलली आणि तिच्याबरोबर फोटो काढून घेतले. माझी भाची म्हणाली, "मावशी, मागे न जाणारी गाडी! किती डीप आहे ना हे!" पुढच्या वेळी मी तिलाच ढकलायला लावली. त्यानंतर तिने अर्थ काढणं सोडलं.

मी जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या एका ग्रुपवरही तुकड्याचा फोटो टाकून पाहिला. एकाने लिहिलं की परदेशातून मागवा. दुसऱ्याने लिहिलं की मूळ भाग झिजला असला तरी बदलू नका, गाडीचं मूल्य जातं. तिसऱ्याने विचारलं की तुमच्या गाडीचे टायर मूळचे आहेत का. मी ग्रुप सोडला.

असं बरं चाललं होतं. मग एका सकाळी खळ्यावर फक्कीची पांढरी रेघ दिसली. सरळ, पट्टीने मारल्यासारखी, आमच्या कुंपणाला चिकटून रस्त्यापर्यंत गेलेली. आबांची थोरली मुलं भूगावला फ्लॅटमध्ये राहतात, धाकटा आणि त्याची बायको इथे आबांजवळ. मुलांनी खळं विकायचं ठरवलं होतं. घेणारे आयटीतले कुणी साहेब, शनिवार-रविवारसाठी बंगला बांधणार होते. आबांनी होकार देऊन विसारही घेतला होता, खरेदीखत तेवढं राहिलं होतं. रेघेवरून भिंत येणार, हे सांगायला कुणी लागत नव्हतं.

मी दादांना म्हटलं, "आबांना एकदा विचारा ना. गाडीपुरती जागा सोडायला लावतील ते."

"विचारायचं काय त्यात? त्यांची जागा आहे."

"विचारलं तर काय बिघडतं?"

संध्याकाळी चहाचा कप हातात धरून दादा आपणहून बोलले. ही गोष्ट त्यांनी मला आयुष्यात दोनदाच सांगितली आहे, त्यातली ही दुसरी खेप. लहानपणी ते माझ्या आजीबरोबर आबांच्या वडिलांच्या शेतावर लावणीला जायचे. दुपारी चहा मिळायचा. घरातल्यांना घरातल्या कपांत. आजीसाठी आणि दादांसाठी गोठ्याच्या वळचणीला एक कानतुटकी कपबशी खोचलेली असायची. ती आपण काढायची, आपण धुवायची आणि परत तिथेच खोचून ठेवायची. आबा तेव्हा दादांएवढेच. ते ओट्यावर बसून आपला चहा प्यायचे आणि इकडे बघायचे.

"त्यांनी कधी काही केलं नाही," दादा म्हणाले. "नुसते बघायचे. मी ठरवलं, या घरात परत काही मागायचं नाही. चहासुद्धा."

मला फार राग आला. दादांचा नाही, आबांचाही धड नाही, म्हणून जास्तच. मी लहानपणी त्याच घरात आबांच्या मुलींबरोबर खेळले आहे, त्यांच्याच कपातून चहा प्याले आहे. माझ्यापर्यंत येईतो ती कपबशी कधीच फुटून गेली होती. कुणी माफी मागितली नाही आणि कुणी मागायलाही लावली नाही. ती आपली गुपचूप नाहीशी झाली. दादांच्या डोक्यात मात्र ती अजून वळचणीला होती, आणि आता त्याच घराकडे वाट मागायची वेळ आली होती. गाडी बंद ठेवतील पण मागणार नाहीत, हे मला दिसत होतं. आणि गाडी बंद झाली तर दादा किती दिवस दादा राहतील, याची मला प्रथमच भीती वाटली. कोंबड्यांचं चित्र मी डोक्यातून पुसून टाकलं.

"तुकडा आपण बनवू," मी म्हटलं.

पहिला तुकडा बाभळीच्या लाकडाचा. दादांनी अंगणात बसून पटाशीने वाटी कोरली, तेल पाजलं. दिसायला देखणा. पहिल्याच झटक्याला उभा चिरला. दुसरा प्रयोग माझा. जाड प्लास्टिकचा भाजी चिरायचा पाट कापून, तापवून, गोळ्याभोवती दाबून बसवायचा. तो रिव्हर्समध्ये गेला आणि तिथेच रुतून बसला. गाडी मागे जायची सोय झाली, पण आता पुढे जाईना. दादा म्हणाले, "प्रगती आहे." तो पाट काढायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात पलीकडे पायाचे खड्डे खणून झाले होते.

मग एका दुपारी दादा आईच्या शिलाई मशीनपुढे उकिडवे बसलेले दिसले. आईची पायाची मशीन, तिच्यावर टेबलक्लॉथ आणि टेबलक्लॉथवर टीव्ही. शेवटच्या काही वर्षांत गुडघे गेल्यावर आईने तिला मोटर लावून घेतली होती, त्यामुळे खालचं पायडल आणि मोठ्या चाकाकडे जाणारी दांडी नुसतीच लोंबत होती. दादांनी दांडीचं खालचं टोक मला दाखवलं. तिथे एक गोळा होता, आणि गोळ्याला कवटाळून बसलेली पोलादी वाटी. शिवाय झिजली तर आवळायला नट.

"हात लावू नका," मी म्हणाले.

"चालू कुठे आहे ती?"

"आईची आहे."

"म्हणूनच टिकेल," दादा म्हणाले.

आईने जन्मभर त्या गाडीला नावं ठेवली होती. हिवाळ्यात सकाळी गाडी सुरू व्हायची नाही तेव्हा साडीचा पदर खोचून तीच ढकलायची, आणि ढकलता ढकलता बोलायची. आता मेल्यावरही तिच्या मशीनला जुंपायचं, हे मला अजिबात पटत नव्हतं. पण पलीकडे विटा येऊन पडत होत्या. मी टीव्ही उचलून खाली ठेवला.

दांडीची वाटी कापून ती आमच्या जुन्या तुकड्याच्या बुडख्याला जोडायची होती. त्यासाठी वेल्डिंग हवं, आणि वेल्डिंगचं मशीन जवळात जवळ कुठे असावं तर खळ्यावरच. साहेबांच्या बंगल्याचं फाटक बनवायला परप्रांतातून दोन कारागीर येऊन राहिले होते. दादा कागदात गुंडाळलेले दोन तुकडे घेऊन त्यांच्याकडे गेले, मागोमाग मी. "आंटी, ये क्या चीज़ है?" त्यांतल्या एकाने मला विचारलं. "यह गाड़ी का अंग है," दादांनी शाळेतल्या हिंदीत सांगितलं. कारागिराला बहुधा वाटलं की हे काहीतरी धार्मिक आहे. त्याने आधी हात जोडले आणि मग वेल्डिंग केलं. आमची वाट अडवणाऱ्या फाटकाच्याच ठिणग्यांवर आमचा तुकडा जोडला गेला, याची मला भारी गंमत वाटली.

बसवायला पूर्ण सकाळ गेली. पहिल्यांदा वाटी उलटी बसली, दुसऱ्यांदा नट गाडीखाली हरवला आणि तो कोंबडीने शोधला. आबा त्या दिवशी खरेदीखत करायला पौडला गेले होते. दादा स्टिअरिंगवर बसले, दांडा ओढला, आणि गोळा वाटीत बसला तो आवाज मला बॉनेटपाशी स्वच्छ ऐकू आला. क्लच सुटला. गाडी घळघळून, मग लांब सूर लावून रडत, उलटी बोळ चढू लागली. वर रस्त्यावर पोचल्यावर दादा खाली उतरले आणि त्यांनी टपावर थाप मारली. मी त्यांना इतकं खूश शेवटचं आईच्या आजारपणाआधी पाहिलं होतं. "आता बांधा म्हणावं भिंत," ते म्हणाले. "हवी तेवढी सरळ बांधा."

संध्याकाळी आबा आले. नवीन धोतर, कपाळाला गंध, खरेदीखताचा दिवस म्हणून. अंगणात उभे राहिले आणि घसा साफ करून म्हणाले, "गुरुजी, भित वाकडी करायला लावलीया."

"म्हणजे?"

"तुमची गाडी वळती तेवढा बाक सोडून. खरेदीत घालून घेतलं. तेवडी वाट तुमची, कायमची. सायेब लई आडून बसलं हुतं, पोरं बी कावली. मी म्हनलं, गुरुजींची गाडी मागं जात न्हाई. वाट न्हाई तर येव्हार न्हाई."

मी दादांकडे पाहिलं. गाडी अंगणात उभी होती, बॉनेट अजून कोमट. दादांच्या बोटांना काळं तेल लागलेलं होतं, ते त्यांनी हळूच पाठीमागे नेलं.

"बरं झालं," दादा म्हणाले.

आबा गेल्यावर मी उसळले. सांगून का नाही टाकलं? आणि आपल्याच दारातून बाहेर पडायच्या वाटेसाठी आपण त्यांचे उपकार मानायचे का? ज्यांच्या घरी आपल्या नावाची कपबशी गोठ्यात होती त्यांनी आता हातभर जमीन सोडली म्हणून? मी बरंच बोलले. दादांनी सगळं ऐकून घेतलं, साबणाने बोटं धुतली आणि म्हणाले, "मी मागितली नव्हती. त्यांनी आपणहून मुलांशी भांडण घेतलं. आता मी जाऊन सांगू की गरज नाही?"

"मग?"

"मग काही नाही. गाडी मागे जात नाही."

अशा रीतीने आईच्या मशीनची दांडी कापून मिळवलेला गिअर घरात वर्ज्य ठरला. भिंत उभी राहिली. आमच्या अंगणाशी येऊन ती पोट आत घेतल्यासारखी वाकते आणि मग पुन्हा सरळ रस्त्याला जाते. साहेबांच्या आर्किटेक्टने त्या बाकात बांबू लावले आणि पुण्याहून येणारे पाहुणे त्या वळणाचं कौतुक करतात, असं आबांच्या सुनेने मला सांगितलं. आम्ही पूर्वीसारखेच बोळातून आत, बाकातून बाहेर. आबा ओट्यावरून उठून, काठी उंचावून, "येऊ द्या, येऊ द्या, आजून जागा हाय," असं म्हणत गाडी काढून द्यायचे. दादा त्यांच्या खुणेप्रमाणे स्टिअरिंग फिरवायचे. दोन म्हातारे रोज हा खेळ खेळायचे आणि मी शेजारच्या सीटवर दात दाबून बसायचे. आबा गावाला गेले की मात्र दादा गाडी उलटी काढायचे. सवय राहायला हवी, म्हणायचे.

नोव्हेंबरमध्ये पौडच्या बँकेत हयातीचा दाखला द्यायचा असतो. पेन्शनवाल्यांनी वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे जाऊन सांगायचं. दादा त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालतात, जणू मेलेला माणूस चुरगळलेल्या शर्टात ओळखू येतो. गाडी बाकाशी आली आणि थांबली. साहेबांच्या फरश्यांचा टेम्पो बरोबर वळणात शिरून अडकला होता, आणि दोन माणसं एकेक फरशी लेकरासारखी छातीशी धरून उतरवत होती.

"दादा, मागे घ्या," मी हळूच म्हणाले. "बोळातून जाऊ. बँक बंद होईल."

दादांनी इंजिन बंद केलं आणि समोर बघत बसले. आबा ओट्यावरून पाहत होते. काठी टेकत आले, खिडकीवर हात ठेवला.

"आडाकला व्हय?"

"हो. थांबतो. काय करणार, मागे जात नाही ना."

आबांनी टेम्पोकडे पाहिलं. मग म्हणाले, "जाती की."

दादांनी शर्टाची बाही सरळ केली.

"मागं जाताना रडती ती, गुरुजी. वरल्या आळीला आयकू येतंय. मी रजिष्ट्रीला ग्येलतो त्याच दिशी सूनबाईनं आयकलं. मंग मी बी लई येळा आयकलं."

"मग बोलला नाहीत ते?"

"बोललो असतो तर तुमी हिकडनं यायचं सोडलं असतं."

  दादांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून खाली मांडीवर घेतले. मला वाटलं आता ते रिव्हर्स टाकतील आणि आम्ही रडत रडत सगळ्या गावादेखत बोळ चढू. पण त्यांनी दार उघडलं, खाली उतरले, खळ्याच्या उरलेल्या तुकड्यावरून चालत आबांच्या ओट्यापाशी गेले आणि ओट्यावर बसले. इस्त्रीच्या शर्टासकट, भिंतीला पाठ टेकून. त्या ओट्याखाली ते आयुष्यभर उभे राहिले होते.

"च्या टाकाया सांगा, आबा," ते म्हणाले.

दादा असं बोलत नाहीत. त्यांनी चार पिढ्यांचे उच्चार सुधारले आहेत, माझे तर छडी दाखवून.

आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग घराकडे वळून एवढ्या मोठ्याने ओरडले की फरशीवाले थांबले. "आगं, च्या टाक! गुरुजींना च्या टाक!" सून दारात येऊन बघून गेली, आपण नीट ऐकलं का म्हणून. मला रडू येत होतं. मी डिकी उघडली आणि तिथे नसलेलं काहीतरी शोधू लागले.

चहा आला. तीन कप, तिन्ही एकाच सेटमधले, निळ्या फुलांचे, कान शाबूत. दादांनी आपला कप उचलला, फिरवून सगळीकडून पाहिला आणि प्यायला लागले. आबांनी आपला कप हातातच धरून ठेवला होता. ते इकडेच बघत होते.

"साखर लई झालीया," दादा म्हणाले.

"उद्याच्याला कमी घालाया सांगतो," आबा म्हणाले आणि मग त्यांनी स्वतःचा चहा प्यायला.

टेम्पो कधी निघून गेला ते आम्हाला कळलं नाही. तोवर पौडची बँक बंद झाली होती. दादा हयात आहेत हे आम्ही दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं, चहा झाल्यावर.